चेंडू धरणारे दादाराव

टेक्ससमधल्या प्लेनो शहरात रविवारच्या क्रिकेटला दादाराव मेश्राम अंपायर म्हणून उभे राहिले, की बोलर मंडळींची तोंडं आधीच उतरायची. एलबीडब्ल्यूचं अपील झालं की दादाराव आधी बोलरकडे बघायचे, मग बॅट्समनकडे, मग उगीचच आभाळाकडे, आणि एवढं सगळं बघून झालं की शांतपणे म्हणायचे, "नाही." बारा वर्षांत त्यांचं बोट एलबीडब्ल्यूसाठी तीनदा वर गेलं असेल, आणि तेही वाकडं. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून डावीकडे कललेली. पुण्याचा मनोहर, वयाने पंधरा वर्षांनी लहान आणि तोंडाने कायमचाच मोकळा, एकदा वैतागून म्हणाला होता, "काका, तुमचं बोट वर गेलं तरी शेजारच्या मैदानावरचा माणूस आउट होतो यार!" सगळे हसले. दादाराव हसले नाहीत. "शंका असली तर बॅट्समनला बाहेर काढायचं नाही," एवढंच ते म्हणाले. "एकदा बाहेर गेलेल्याला परत बोलावता येत नाही."

ते स्वतः मात्र कधी खेळायचे नाहीत. टीमला एक माणूस कमी पडला, पोरांनी हातापाया पडून विनवलं, तरी चेंडू हातात घ्यायचे नाहीत. खांदा दुखतो म्हणायचे. कमलाताईंनाही, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, लग्नाला सत्तावीस वर्षं होऊन यापलीकडे काही माहीत नव्हतं. माणूस क्रिकेटवर जीव टाकतो पण खेळत नाही, हे त्यांनी नवऱ्याच्या इतर खोडींबरोबर स्वीकारलं होतं.

दादाराव नागपूरचे. वडील कापड गिरणीत, घरात पाच भावंडं, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि शिकण्यावाचून दुसरा रस्ता नाही हे रोज सकाळी ऐकवणारी आई. दादाराव स्थापत्याचा डिप्लोमा करून सरकारी बांधकामावर लागले. अमेरिकेला आले ते मात्र स्वतःच्या जोरावर नव्हे. कमला नर्स होती, टेक्ससमधल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, तिचा व्हिसा झाला आणि तिच्या पाठोपाठ हे. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "मला बायकोनं आणलं. हुंड्यात अमेरिका मिळालेला एकटाच मी."

पोटापाण्यासाठी दादाराव काँक्रीट फोडायचे. हायवेचा पूल बांधला जात असताना मिक्सरच्या ट्रकमधून ओतलेलं थोडं काँक्रीट काढून नळकांड्यांत भरतात. तिथं त्याला सिलिंडर म्हणतात. ती नळकांडी लॅबमधल्या ओलसर खोलीत अठ्ठावीस दिवस ठेवायची, मग एकेक काढून यंत्रात घालायचं आणि फुटेपर्यंत दाबायचं. किती दाबाला फुटलं तो आकडा कागदावर लिहायचा. आकडा चांगला आला तर पूल चांगला. पंचवीस वर्षं दादाराव हेच करत होते. प्लेनोत येताना हायवेवर जे उंचउंच पूल लागतात, त्यांतल्या निम्म्यांचे तुकडे त्यांच्या हाताखाली फुटले होते.

एकुलता एक मुलगा अनुप चौऱ्याऐंशीचा, इथेच जन्मलेला. मुलगा क्रिकेट खेळेल असं दादारावांना वाटत होतं, पण टेक्ससमध्ये फुटबॉलपुढे कुणाचं काही चालत नाही. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. अंगावर ढाली आणि डोक्यावर टोप चढवून एकमेकांवर धडका घ्यायच्या आणि नारळासारखा लांबुळका चेंडू पुढे न्यायचा. पहिली मॅच बघून दादाराव घरी आले आणि म्हणाले, "ही तर हेल्मेट घालून केलेली मारामारी आहे. आपलं पोरगं यात पडायचं नाही." पण अनुपच्या पायात काहीतरी होतं. आठवीत असताना शाळेच्या कोचनं त्याला सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, खेळताना बघितलं आणि त्याला किकर केलं.

किकरचं काम दादारावांना मात्र पाहताक्षणी समजलं. बाकीचे सगळे एकमेकांची हाडं मोडत असताना किकर एकटा बाजूला उभा असतो. तासाभरानं त्याला हाक मारतात. तो येतो, मोजून पावलं मागे जातो, धावतो आणि एक लाथ मारतो. चेंडू समोरच्या दोन उंच खांबांमधून गेला तर मॅच जिंकली, नाही गेला तर सगळ्या गावाचे शिव्याशाप. "अरे, हा तर आपला बोलर!" दादाराव कमलाताईंना म्हणाले. "रनअप आहे, पावलांची खूण आहे, आणि चूक झाली तर लपायला जागा नाही." त्या दिवसापासून बापलेकाचं जमलं.

तो लांबुळका चेंडू जमिनीवर आपोआप उभा राहत नाही. कुणाला तरी एका गुडघ्यावर बसून बोटाच्या टोकानं तो उभा धरावा लागतो. या माणसाला होल्डर म्हणतात. एकट्यानं सराव करायचा तर त्यासाठी लोखंडी तिकाटणं मिळतं, पण दादारावांना ते पटलं नाही. शनिवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर ते स्वतः गुडघा टेकून बसायचे आणि चेंडूवर तर्जनी ठेवायचे. नववीत असताना अनुपची एक लाथ चुकली आणि ती तर्जनी मोडली. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाराव पुन्हा मैदानात. होल्डरनं चेंडूवरची नजर काढायची नसते, त्यामुळे चेंडू उडाल्यावर तो कुठे गेला हे त्यांना उशिरा दिसायचं. पण ऐकून ऐकून त्यांना नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. खणखणीत एकच आवाज आला की मान वर न करता म्हणायचे, "गेला." आठ वर्षं हे चाललं. अनुपला पश्चिम टेक्ससमधल्या एका लहान कॉलेजनं घेतलं, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत बापलेक रोज मैदानात असायचे.

अनुपचं कॉलेज लहान, त्यामुळे अडचण होती. दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. व्यावसायिक फुटबॉलच्या बत्तीस टीम आळीपाळीने कॉलेजमधल्या पोरांची नावं पुकारतात, आणि ज्याचं नाव पुकारलं त्याचं आयुष्य बदलतं. त्याआधी या टीमचे स्काउट, म्हणजे पोरं हेरत फिरणारी माणसं, कॉलेजं पालथी घालतात. पण अनुपच्या कॉलेजकडे चार वर्षांत एकही स्काउट फिरकला नव्हता. मुलानं शेवटच्या वर्षी एकवीसपैकी एकोणीस चेंडू खांबांतून घातले, आणि ते बघायला होते आजूबाजूचे गुराखी.

मग दोन हजार सातच्या जानेवारीत फोन आला. लुइझियानात पेलिकन क्लासिक नावाचा ऑल-स्टार सामना होतो. देशभरातल्या कॉलेजांमधली शेवटच्या वर्षाची चांगली पोरं आठवडाभर एकत्र बोलावतात, दोन टीम करतात, सोमवारपासून सराव आणि शनिवारी मॅच. सगळ्या बत्तीस टीमचे स्काउट झाडून हजर असतात. एका किकरचा घोटा मुरगळला होता आणि ऐनवेळी अनुपचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. दादाराव फोन ठेवून सरळ बुद्धाच्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. नंतर त्यांनी मनोहरला फोन केला, आणि मनोहरनं पुढच्या तासाभरात तो अख्ख्या प्लेनोला केला. रविवारच्या क्रिकेटमध्ये त्या दिवशी दादारावांनी पहिल्याच अपीलवर एलबीडब्ल्यू दिला. बॅट्समनसुद्धा काही बोलला नाही.

अनुप रविवारी एकटाच गाडी घेऊन गेला. दादाराव आणि कमलाताई शुक्रवारी निघून मॅचला पोचणार होते.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास स्वयंपाकघरातला फोन वाजला. कमलाताई ड्यूटीवर होत्या. दादाराव वरणाच्या फोडणीसाठी कांदा चिरत होते. फोन खांद्यात आणि कानात धरून त्यांनी चिरणं चालू ठेवलं.

"बाबा, ग्रोइन पुल झालंय, जांघेचा मसल," अनुप म्हणाला. "लास्ट किकला. फार नाही, पण दुखतंय."

"सूज आहे का?"

"थोडी. ट्रेनर म्हणतो, इट्स माय कॉल. उद्या किक करू शकतो. ऑर रेस्ट घेऊ शकतो शनिवारपर्यंत."

"मग रेस्ट घे. त्यात विचारायचं काय?"

"पण बाबा, इथे सगळे म्हणतात प्रॅक्टिस इज इम्पॉर्टंट. स्काउट्स येऊन बसतात. नोट्स काढतात."

"काढू देत. नेट्समध्ये बघून कोणी टीममध्ये घेत नाही रे. सिलेक्टर मॅच बघतो. मॅचमध्ये कळतं माणूस कसा आहे ते."

"आय डोन्ट नो, बाबा..."

आणि मग दादारावांनी ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

ते एकोणीस वर्षांचे होते. नागपूरला विद्यापीठाच्या टीमची निवड होती. तीन दिवस नेट्स, चौथ्या दिवशी मॅच. दादाराव मध्यमगती टाकायचे आणि बऱ्यापैकी जोरात टाकायचे. बूट नव्हते. एकनाथ नावाच्या मित्राचे आणले होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. तीन दिवस नेट्समध्ये त्यांनी जीव काढून बोलिंग केली. आपल्याकडे कुणीतरी बघावं, नाव विचारावं, म्हणून बाकीचे पाणी प्यायला गेले तरी हे टाकतच राहिले. नेट्सवर एकच मास्तर होता आणि तो पेपर वाचत होता. चौथ्या दिवशी सकाळी पांढऱ्या हॅट घातलेले तीन सिलेक्टर आले, कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसले, आणि दादारावांचा खांदा वर उचलेना. दोन ओव्हर टाकल्या. सहा वाइड. कप्तानानं चेंडू काढून घेतला. तिघांपैकी एका सिलेक्टरनं कागदावर काहीतरी खोडलं, ते त्यांना मिडऑनवरून दिसलं.

"त्यांनी मला बघितलंच नाही रे, अनुप," दादाराव म्हणाले. "मी चांगला होतो. खरंच चांगला होतो. पण ते आले त्या दिवशी माझ्यात काही उरलं नव्हतं. तू असं करू नकोस. मला वचन दे. शनिवारसाठी पाय राखून ठेव."

त्यांनी नाक ओढलं. त्यांनी मनगटानं डोळे पुसले. कांदा फार तिखट निघाला होता.



"ओके बाबा," अनुप म्हणाला.

शुक्रवारी साडेसहा तास गाडी चालवून दोघं लुइझियानात पोचले. कमलाताईंनी अनुपच्या कॉलेजची जर्सी पंजाबी ड्रेसवर चढवली होती आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. दादारावांनी खास दुर्बीण विकत घेतली होती, ती मॅचसाठी नव्हे, स्काउट बघण्यासाठी. अनुप हॉटेलच्या लॉबीत भेटला. पाय बरा होता, सूज उतरली होती. तीन दिवस त्यानं एकही किक मारली नव्हती. त्याच्या जागी दुसऱ्या टीमचा किकर दोन्हीकडे किक मारत होता. दादाराव त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, मी काय म्हटलं होतं? उद्या तू ताजातवाना, आणि तो दमलेला." अनुपनं मान हलवली आणि आईच्या डब्यातली पुरी घेतली.

शनिवारी दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. स्टेडियम निम्मं भरलेलं. बँड वाजत होता. दादारावांनी बसल्याबसल्या दुर्बीण डोळ्याला लावली आणि एकेक ओळ धुंडाळायला लागले. टोप्या घातलेले, हातात वही आणि स्टॉपवॉच घेतलेले लोक त्यांना हवे होते. आईबाप दिसले, कॉलेजच्या मुली दिसल्या, पॉपकॉर्न खाणारी पोरं दिसली. वही घेतलेला एक माणूस सापडला, तर तो आइस्क्रीमच्या ऑर्डरी लिहून घेत होता.

शेवटी त्यांनी ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला विचारलं. सत्तरीचा, पिवळं जाकीट घातलेला गोरा म्हातारा होता, बोलायला हौशी.

"स्काउट कुठे बसतात?"

"स्काउट?" म्हातारा हसला. "ते बुधवारीच गेले, सर. थोडे राहिले होते ते गुरुवारी सकाळच्या विमानानं. मॅचला ते कधीच थांबत नाहीत. त्यांना काय बघायचं ते सरावात बघून होतं. आज आहेत ते आईबाप आणि आमच्यासारखे रिकामटेकडे."

"सगळे गेले?"

"दरवर्षीच जातात. तुमचा कोण खेळतोय?"

दादाराव जागेवर येऊन बसले. कमलाताईंनी विचारलं, "कुठे आहेत हो ते लोक?" दादारावांनी समोरच्या बाजूला कुठंतरी बोट दाखवलं. वाकडं बोट नेमकं कुणाकडे, ते कमलाताईंना कळलं नाही, पण त्यांनी तिकडे बघून ओढणी नीट केली.

अनुपची पहिली किक अडतीस यार्डांची होती. तो आला, तीन पावलं मागे, दोन बाजूला, अगदी त्या शाळेच्या मैदानावरच्यासारखा, आणि चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला. कमलाताई उठून उभ्या राहिल्या. दुसरी त्रेचाळीसची, तीही गेली. लोक टाळ्या वाजवायला लागले. तिसरीच्या वेळी पुढच्या ओळीतला एक माणूस वळून म्हणाला, हा मुलगा कोण आहे, आणि कमलाताई म्हणाल्या, "माय सन! माय सन!" दादाराव टाळ्या वाजवत होते. प्रत्येक किक चांगली जात होती. चुकली असती तर बरं झालं असतं असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि बापाच्या मनात असा विचार यावा याची त्यांना शरम वाटली.

शेवटची किक बावन्न यार्डांची. मॅच संपायला चार सेकंद राहिले होते आणि अनुपची टीम दोन गुणांनी मागे होती; किक गेली तर तीन मिळणार होते. एवढ्या लांबून आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण दादारावांना तो ऐकू आला. खणखणीत, एकच. त्यांनी मान खाली घातली. "गेला," ते स्वतःशीच म्हणाले. सगळं स्टेडियम ओरडत उठलं. अनुपच्या टीमनं त्याला खांद्यावर घेतलं. कमलाताई रडत होत्या आणि नवऱ्याचा दंड धरून हलवत होत्या. "अहो, बघा ना! बघा ना वर!" दादारावांनी वर बघितलं, तेव्हा त्यांचेही डोळे वाहत होते. कमलाताईंना वाटलं, आनंदानं.

मंगळवारी दादाराव कामावर गेले. ओलसर खोलीतून अठ्ठावीस दिवसांचं एक सिलिंडर काढलं, यंत्रात ठेवलं आणि दाब वाढवायला लागले. काटा चढत होता. आणि हात तसाच बटणावर ठेवून ते थांबले. पंचवीस वर्षं आपण काय करतोय? पुलावर जाऊन पुलाची परीक्षा कोणी घेत नाही. पूल उभा राहायच्या आधी या ओलसर खोलीत, कुणाचं लक्ष नसताना, एका नळकांड्यावर सगळं ठरतं. कॉन्ट्रॅक्टर येऊन हुज्जत घालायचे, "सर, पूल तर बघा, किती मजबूत झालाय." दादाराव त्यांना सांगायचे, "पूल मला बघायचा नाही. तुमचा नमुना काय म्हणतो ते बघायचंय." शेकडो लोकांना हे सांगितलं होतं. स्वतःच्या पोराला मात्र सांगितलं, की नमुना राहू दे, पूल दाखव. सिलिंडर मोठा आवाज करून फुटलं. त्या दिवशी आकडा लिहायचा राहिला, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सुपरवायझरनं त्यांना बोलावून विचारलं, बरं नाही का.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ड्राफ्ट होता. त्याच रविवारी बाबासाहेबांची जयंती होती. प्लेनोत जयंती चौदा एप्रिलला नसते, शाळेचा हॉल ज्या रविवारी मिळेल त्या रविवारी असते. दरवर्षी त्रिशरण आणि पंचशील दादाराव सांगायचे. त्या वर्षी ते घरी बसले. टेबलावर फोन, समोर टीव्ही. एकेका टीमचा माणूस माइकपाशी येऊन नावं वाचत होता आणि नावं संपत चालली होती. अनुप गालिच्यावर पाठ टेकून बसला होता. अधूनमधून तो म्हणायचा, "किकर्स उशिरा जातात, बाबा. ड्राफ्टनंतरपण कॉल येतात. चिल."

संध्याकाळी ड्राफ्ट संपला. उरलेल्या पोरांना टीम फोन करतात ती वेळ हीच. पाच मिनिटांनी फोन वाजला. तिघंही एकदम उठले. कमलाताईंनी हात जोडले. अनुपनं फोन घेतला, ऐकलं, आणि रिसीव्हर बापाकडे दिला.

"काका, जय भीम, मी रुपाली बोलतेय. हॉलच्या कपाटाची चावी तुमच्याकडे आहे का? पाहुण्यांना द्यायची पुस्तकं आतच राहिलीत."

चावी दादारावांच्या खिशात होती. ते उठून ती द्यायला गेले. परत आले तेव्हा टीव्ही बंद होता आणि अनुप अंगणातल्या खुर्च्या आणि टेबलं आवरत होता. मनोहर आणि मंडळींना संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं, ते कमलाताईंनी कॅन्सल केलं. अनुपला नंतर कुणाचाच फोन आला नाही. पुढे कळलं, की एका टीमनं दुसऱ्या किकरला बोलावलं होतं, जो त्या आठवड्यात दोन्हीकडून किक मारत होता त्याला.

अनुपनं त्याचा बाऊ केला नाही. जूनमध्ये प्लेनोतल्याच एका विमा कंपनीत नोकरीला लागला. गळ्यात बिल्ला, सकाळी साडेआठ ते पाच, गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायचे. फुटबॉल टीव्हीवर बघायचा, पण किकची वेळ आली की उठून पाणी प्यायला जायचा. दादाराव हे बघायचे. त्यांनी अंपायरिंग सोडलं. गुडघा दुखतो म्हणाले. हे मात्र खरं होतं. आठ वर्षं तोच गुडघा टेकून बसल्यानं आतली गादी झिजली होती, आणि दोन हजार आठच्या फेब्रुवारीत त्याचं ऑपरेशन झालं.

दर शनिवारी अनुप त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जायचा. मार्चमधल्या एका शनिवारी हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या. त्यांची गाडी एका उंच पुलाखाली येऊन थांबली. दादारावांनी काचेतून वर बघितलं. या पुलाची सिलिंडरं त्यांनीच फोडली होती.

"अनुप," ते म्हणाले. "तुला एक सांगायचंय."

"हं?"

"तुझा चान्स मी घालवला. ते स्काउट बुधवारीच गेले होते. मला शनिवारी कळलं, स्टेडियममध्ये. चौदा महिने मी गप्प बसलो. मी तुला उलटं सांगितलं रे. मला माफ कर."

अनुपचे हात स्टिअरिंगवर होते. तो समोरच्या गाडीकडे बघत राहिला.

"आय न्यू, बाबा."

"काय?"

"मला माहीत होतं. सोमवारीच. पहिल्या प्रॅक्टिसनंतर रूममेटनं सांगितलं, दे लीव्ह ऑन वेन्सडे. मी तुम्हाला फोन केला तेव्हा मला माहीत होतं."

"मग फोन कशाला केलास?"

"खूप दुखत होतं, बाबा. भीती वाटत होती. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, जा, किक मार, काही होत नाही. तुम्ही नेहमी तेच म्हणायचात ना. आय जस्ट वॉन्टेड टू हिअर इट." तो म्हणाला. "आणि तुम्ही नागपूरचं सांगायला लागलात. द शूज, अँड ऑल. हाऊ कुड आय से, की बाबा, इथे तसं नसतं? यू वेअर क्राइंग."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. पुढची रांग हलली होती. अनुपनं गाडी सोडली आणि पूल मागे पडला.

दादारावांनी मांडीवरच्या वाकड्या बोटाकडे बघितलं.

"मी कांदा चिरत होतो रे," ते म्हणाले.

"ओके बाबा," अनुप म्हणाला.